सगळं सुरळीत आहे

द्वारका चौकात सिन्नरला जाणारी जीप भरत होती. शेवटच्या जागेवर, अगदी माझ्या शेजारी, तो येऊन बसला. निळा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा, आणि हातात सतत किंचाळणारा फोन. टिंग. टिंग. टिंग-टिंग.

पळसे येईपर्यंत मी सहन केलं. मग म्हटलं, "अहो, जरा सायलेंटवर टाकता का?"

"टाकला असता हो मॅडम, पण खरंच मेला तर?"

"कोण?" मी दचकलेच.

"सर्व्हर!" तो हसला आणि एकाच गालाला खळी पडली. "आमच्या कंपनीचा. त्याच्यावर लक्ष ठेवायला एक सॉफ्टवेअर बसवलंय. लाइट गेली की बोंब. जनरेटर लागला की बोंब. लाइट आली... की परत बोंब. लांडगा आला रे आला! ज्यानं कुणी ते बनवलंय ना, त्याला एकदा भेटायचंय मला."

मी गुपचूप मोहदरी घाटाकडे पाहत राहिले. कारण ते सॉफ्टवेअर आमचं होतं, इंदिरानगरातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसचं. आणि त्याच तक्रारीसाठी सरांनी मला सिन्नरला धाडलं होतं.

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या गेटवर आम्ही दोघंही उतरलो. मी पर्समधून काढून गळ्यात घातलेलं कंपनीचं कार्ड वाचून तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे... तुम्ही?"

"भेटायचं होतं ना तुम्हाला? मी आरोही."

"प्रफुल्ल," तो पुटपुटला. "सर्व्हर रूम माझ्याकडेच असते. ते बोंब वगैरे... मनावर घेऊ नका."

"घेणार. त्याचाच तर पगार मिळतो."

मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा एक प्लगइन मी लिहायचा, असं ठरलं. त्यानं खरं संकट आणि खोटी ओरड वेगळी करायची, आणि खरं असेल तेव्हाच प्रफुल्लला हाक मारायची. ऐकायला सोपं होतं. पण कारखान्याच्या सवयी मला कुठे ठाऊक होत्या? त्या प्रफुल्लला ठाऊक होत्या.

"आपला जनरेटर ना, आधी धापा टाकतो, मग भार घेतो," तो फोनवर सांगायचा. "माणसासारखाच. त्याला श्वास घेऊ द्या, मॅडम. लगेच मेला म्हणू नका."

मी तसंच लिहिलं. काही बंद पडलं की प्लगइननं आधी विचारायचं, लाइट गेलीय का? जनरेटर लागला का? मग थोडं थांबायचं... आणि मगच ओरडायचं.

फोन सर्व्हरवरून सुरू व्हायचे आणि कुठल्या कुठे जायचे. त्याच्या आईच्या हातची मेथीची भाजी, माझी मोडलेली छत्री, घाटातलं धुकं. "बरं, ठेवतो मॅडम," असं तो म्हणायचा आणि ठेवायचा नाही. मीही आठवण करून द्यायचे नाही.

आणि मग माझी चूक झाली. थांबायची वेळ मी फारच लांबवली होती. एका दुपारी सर्व्हर रूमचा एसी खरोखर बंद पडला, आणि माझा प्लगइन समजूतदारपणे थांबून राहिला. सर्व्हर तापून बंद पडला. माल भरलेले ट्रक बिलांवाचून गेटवर अडकले.

कारखान्याचे मॅनेजर सुनील सर फोनवर कडाडत होते. आमचे सर, मी, प्रफुल्ल, सगळेच त्या कॉलवर.

"सर," प्रफुल्लचा आवाज आला, "वेळ वाढवा असं मीच सांगितलं होतं. मॅडम नको म्हणत होत्या."

मी नको म्हटलंच नव्हतं! मी घाईघाईनं खरं सांगून टाकलं, "नाही सर, चूक माझीच आहे." नंतर प्रफुल्लचा मेसेज आला, 'का बोललात?' मी लिहिलं, 'तुम्ही का बोललात?' नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं... मग तेही गेलं.

मी प्लगइन दुरुस्त केला. खोलीचं तापमान वाढायला लागलं की आता तो कुणासाठीही थांबत नव्हता. मी इतका मन लावून तो बनवला की तक्रारच उरली नाही. सकाळी एकदा 'सगळं सुरळीत आहे' एवढा निरोप यायचा. बस्स.

तक्रार नाही, म्हणून फोन नाही. कसल्या निमित्तानं करायचा? मी रोज तो निरोप उघडायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, कुठे काय सुरळीत आहे?

त्यातच सरांनी बोलावलं. प्लगइन हैदराबादच्या एका मोठ्या ग्राहकाला आवडला होता. "दोन वर्षं तिकडे जाशील? अशी संधी परत येत नाही." मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सिन्नर गाठलं.

"तपासणी आहे," मी प्रफुल्लला ठोकून दिलं.

स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं. तपासायला काही नव्हतंच. शेवटी आम्ही कँटीनबाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसलो.

"एकदा वाटलं," तो कपात बघत म्हणाला, "एखादी वायर उपटावी. तुम्हाला यावं लागलं असतं."

"मग... उपटली का नाही?"

"तुमचं काम खोटं पडलं असतं."

मी हैदराबादचं सांगितलं. त्यानं कप बाकावर ठेवला.

"जा तुम्ही," तो म्हणाला.

"एवढंच?"

"अडवायचा हक्क कुठंय मला? लय इच्छा आहे. हक्क नाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. "कुठेयस गं? झालं का सिन्नरचं काम?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तोही पाहत होता.

"काम नव्हतंच, आई," मी म्हटलं. "आल्यावर सांगते." आणि फोन ठेवला.

चहा निवून गेला होता. त्याचा हात बाकावर माझ्या हाताशेजारी आला, घुटमळला... आणि थांबला.

"आरोही," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मॅडम नाही, तुम्ही नाही. "तू जा. दर महिन्याला मी येत जाईन हैदराबादला. चालेल?"

डोळे भरून आले होते, तरी मला हसू फुटलं.

"न येऊन बघ!" मी म्हटलं, आणि त्याचा हात हातात घेतला.