सेलरीचा वाफा

भर पावसात तो आमच्या टपरीत शिरला. सायकल बाहेर आडवी टाकली, पत्र्याखाली आला आणि माझ्या पीचच्या टोपल्यांवरच केस झटकले.

"अहो, फळं धुतलेली आहेत," मी म्हणाले.

तो ओशाळून हसला. गळ्यातला कॅमेरा पुसला, माझ्याकडे वळवला... मी पाठ फिरवली.

"फोटो नाही काढू देत आम्ही. आमच्या पंथात चालत नाही."

"मग तुम्हाला लक्षात कसं ठेवायचं?"

"ठेवायचं कशाला?"

त्यानं कॅमेरा पिशवीत घातला. बाकीचे पर्यटक निदान पाठमोरा तरी काढून घेतात. यानं तोही काढला नाही.

ज्युलियन त्याचं नाव. शिकागोचा. पलीकडच्या विधवा बाईंकडे खोली घेऊन राहिला होता, दोन-तीन दिवसांपुरता. आठवडा उलटला तरी रोज पीच न्यायला हजर!

"एवढे पीच खातं कोण?"

"कुणी नाही. आता खोलीत पाय ठेवायला जागा नाही."

"मग आज मका न्या."

"मका निवडायला जास्त वेळ लागतो ना?"

मी टोपीची नाडी सारखी करत मान खाली घातली. हसू काही लपलं नाही.

एकदा त्याची नजर घरामागच्या वाफ्यांवर गेली. "एवढी सेलरी? घोड्यांना घालता?"

"आम्हीच खातो."

आमच्यात लग्नाच्या पंगतीला ही भाजी ढीगभर लागते. शेंबडं पोरही ओळखतं, ज्या घरी सेलरी जास्त, त्या घरी नोव्हेंबरात मुलीचं लग्न. माझंच. इमॅन्युएलशी. शाळेपासून ओळखीचा, घोड्यांशीसुद्धा हळू बोलणारा माणूस. चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारेपर्यंत कुणी बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिले... फक्त म्हणूनच?

दुसऱ्या दिवशी ज्युलियन पुन्हा पावसातच आला, पण हसलाच नाही.

"घरमालकीणबाईंनी सांगितलं सेलरीचं. मलिंडा, तुझं प्रेम आहे त्याच्यावर?"

"तो चांगला आहे."

"ते नाही विचारलं मी."

मी मक्याची कणसं उगीचच इकडची तिकडे केली. त्यानं माझ्या हातातलं कणीस काढून घेतलं. बोटं बोटांना लागली — आणि मी हात मागे घेतला नाही.

"माझ्यावर आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "म्हणूनच आता इथं येऊ नकोस."

"म्हणूनच चल माझ्याबरोबर!"

मग मी त्याला लविनाचं सांगितलं. माझी थोरली बहीण. मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन पंथाला जन्माचं वचन दिलं, आणि मग बाहेरच्या एका ट्रक चालवणाऱ्याशी लग्न करून गेली. तेव्हापासून ती वाळीत. घरी आली तरी आमच्या पंगतीला बसायचं नाही. म्हणून मॅम, माझी आई, मोठ्या टेबलाला एक छोटं टेबल खेटून लावते. मध्ये बोटभर फट ठेवते आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरते, लेकीला फट दिसू नये म्हणून. जेवताना लविनाचा हात मात्र सारखा त्या फटीवरून फिरत असतो.

"माझाही बाप्तिस्मा झालाय," मी म्हणाले. "मॅम अजून एक टेबल कुठून आणणार?"

"मी इथं राहिलो तर? तुमच्यातला झालो तर?"

"वर्षानुवर्षं लागतात, ज्युलियन. नि माझ्यासाठी झालास, तर ते आमच्यातलं होणं नव्हे."

पाऊस थांबला होता. पत्र्यावरून थेंब तेवढे पडत होते. त्यानं आडवी सायकल उचलली. सायकल रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा त्यानं काढून घेतलेलं कणीस माझ्याच हातात होतं. त्यानं परत कधी दिलं, मला कळलंच नाही.

शनिवारी आम्हाला बघायला येणाऱ्या पर्यटकांची बस आली. निळ्या स्वेटरमधली एक म्हातारी टपरीत रेंगाळली. शेताकडे, चरणाऱ्या घोड्यांकडे बघत राहिली.

"किती शांत आहे गं इथं! तुम्ही माणसं खरंच सुखी."

"हो," मी म्हणाले. "जॅम पीचचा देऊ की सफरचंदाचा?"