हायपोत न गेलेला फोटो

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी, त्याच्याच स्टुडिओत. रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. पण डार्करूममध्ये दुपार कुठून येणार?

मामा अजून फिल्मवर फोटो काढतो. मामी डार्करूममध्ये त्याच्या मदतीला असायची. सगळ्या गावाचे फोटो काढले, तिचा मात्र एकही नाही. ती टोमणा मारायची, "जगाला उजेडात बसवता, आणि बायकोला अंधारात उभी करता."

मामी गेली.

मग एकच निगेटिव्ह सापडली. उजेड कसा पडतोय ते बघायला मामानं तिला खुर्चीत बसवून काढलेली. त्यातही नेमके तिचे डोळे मिटलेले. मामाची मुलगी, म्हणजे आमची ताई, म्हणाली असू देत मिटलेले. आईचा चेहरा आत्ताच पुसट व्हायला लागलाय, मला एवढा तरी द्या.

मामा आत गेला. दार लावलं. फक्त लाल दिवा.

निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडला आणि कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला. जिथे प्रकाश पडलाय तिथलं चांदीचं मीठ त्यात काळं होतं, चित्र उमटतं. उमटलं की लगेच उचलून शेजारच्या ट्रेमधल्या हायपोत टाकायचं. हायपो उरलेलं मीठ धुऊन काढतो, म्हणून फोटो टिकतो. उशीर केला तर काळोखी चढतच जाते.

आधी मागचा पडदा उमटला. मग खुर्ची. मग मामीचे हात.

चेहरा... कोराच.

आणि ट्रे हलायला लागला. आपोआप. हळूहळू, मामी हलवायची तसा...

बाहेरून ताईनं विचारलं, झालं का?

"थांब गं, उघडू नकोस. कागद खराब होईल."

ताई दाराबाहेरच थिजली.

मामाही थिजला. कारण तो बोललाच नव्हता. तो आवाज बाईचा होता.

मग चेहरा यायला लागला. हनुवटी. ओठ. मिटलेले डोळे. अगदी हवा तसा. मामानं चिमटा उचलला. हीच वेळ होती.

तेवढ्यात... पापण्या हलल्या.

मामाचा हात तिथेच थांबला.

"एकदा बघ गं माझ्याकडे," तो म्हणाला. "एकदाच."

पापण्या उघडत होत्या... आणि काळोखी चढत होती. कपाळ गेलं. गाल गेले. डोळे पूर्ण उघडले, तेव्हा भोवती चेहराच उरला नव्हता.

मग तेही गेले.

मामानं पांढरा दिवा लावला. कागद काळाकुट्ट. निगेटिव्ह बघितली. पडदा होता. खुर्ची होती.

रिकामी.

ताई तो काळा कागदच घेऊन गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतो.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा.

"तुझी मामी दिसायला कशी होती रे? मला नि ताईला, दोघांनाही आठवत नाहीये."

मी हसलो. म्हटलं, असं कसं मामा, मामी म्हणजे...

आणि अडकलो.

तिचं चालणं आठवतं. हात आठवतात, खांदे आठवतात. खांद्यांच्या वर बघायला गेलो की... नुसतं काळं.