सगळे फ्यूज काढल्यावरही

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत घडलंय, आणि जाऊबाई म्हणजे पाल दिसली तर केरसुणी न शोधता हातानेच बाहेर टाकणारी बाई. घरातली गोष्ट आहे, म्हणून नावं तेवढी घेत नाही.

शुक्रवार होता. दिवेलागणीची वेळ. जागा, त्यांच्या इमारतीच्या तळघरातलं पार्किंग.

पण त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं.

आमच्या सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. ठरलेल्या वारी डायलिसिस. एक खेप चुकली की अंगात पाणी साठायचं, छाती भरून यायची. थोरले भाऊजी बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने बाहेर. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. सगळा भार जाऊबाईंवर. म्हणून त्यांनी एक जुनी गाडी घेतली. सासूबाई मागे उजवीकडे बसायच्या. डावी बाजू रिकामी.

निदान आम्हाला तरी तसंच वाटायचं...

गाडी तशी गुणाची होती. फक्त रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी ठार. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. आणि वर सासूबाई तयार होऊन दारात बसलेल्या.

जाऊबाई हार मानणाऱ्यातल्या नाहीत. टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी भुकटी त्यांनी गरम पाण्यात सोडा घालून घासून काढली. कोरडं पुसून व्हॅसलिन लावलं. मग सरळ नवीन बॅटरीच टाकली.

तीही सकाळी ठार.

शेवटी गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याला सगळे 'ठिणगी' म्हणायचे, कारण गडी कधी भडकेल याचा नेम नसे.

"ताई, गाडी बंद असतानाही काहीतरी करंट खातंय," तो म्हणाला. "चोर पकडायचा, बस."

त्याची पद्धत सोपी होती. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची. केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा दिवा जोडायचा. करंट जात असेल तर दिवा पेटतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला दिवा विझेल, तिथे चोर.

दिवा पेटला. चांगला लख्ख.

टेपचा फ्यूज काढला... दिवा चालू. हॉर्नचा काढला... चालू. आतल्या दिव्याचा, पंख्याचा, वायपरचा. एकेक करत सगळे फ्यूज बाहेर आले. ठिणगीने फ्यूजचा डबाच रिकामा केला.

दिवा जळतच होता.

"च्यायला!" ठिणगी भडकला. "कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर ओढलेली दिसतेय." त्याने टॉर्च मारून शोधलं. अल्टरनेटरची वायरही सोडवून पाहिली. उपरी वायर कुठेच नव्हती.

हात पुसायला फडका हवा म्हणून जाऊबाईंनी मागचं डावं दार उघडलं.

आणि दिवा विझला.

दोघं बघत राहिले. जाऊबाईंनी दार लावलं. दिवा विझलेलाच. ठिणगी काहीतरी बोलणार, एवढ्यात...

खट्.

त्याच दाराचा आवाज. कुणी हळूच लावून घ्यावं तसा. दाराजवळ कुणीही नव्हतं.

दिवा पुन्हा पेटला.

भडकणाऱ्या ठिणगीने निमूटपणे सगळे फ्यूज परत बसवले. "गाडी उभी केलीत की निगेटिव्ह काढून ठेवत जा," एवढंच म्हणाला. "बाकीचं मला विचारू नका, ताई."

तेव्हापासून जाऊबाई रोज पाना घेऊन निगेटिव्ह काढून ठेवू लागल्या. आणि मग तो शुक्रवार आला.

सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी गाडीत राहिली होती. जाऊबाई ती आणायला तळघरात उतरल्या. जिन्यातच त्यांना ऐकू आलं...

टिंग... टिंग... टिंग...

दार उघडं राहिलं की गाडी वाजते ना, तसं. जवळ गेल्या. गाडीची चारही दारं बंद होती. आत छताचा दिवा लागलेला.

त्यांनी बॉनेट उघडलं. निगेटिव्ह केबल त्यांनीच काढून ठेवली होती, तशीच बाजूला पडलेली. दिवा लागायला करंट यायचा कुठून?

काचेतून आत पाहिलं. मागची सीट रिकामी. पण डाव्या बाजूचा सीटबेल्ट...

लावलेला होता.

तरी बाई खमकीच. काचेवर हात आपटून म्हणाल्या, "कोण असशील ते अस! माझ्या सासूच्या वाटेला गेलास तर याद राख!"

टिंग-टिंग थांबली. दिवा गेला. पिशवी तशीच टाकून जाऊबाई धावत वर आल्या.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. आधीची खेप अर्धवट झालेली, त्यामुळे सासूबाईंना सकाळपासूनच धाप लागत होती. न जाऊन चालणार नव्हतं. जाऊबाईंनी केबल लावली, नट पान्याने गच्च आवळला. गाडी पटकन सुरू झाली. मागच्या डाव्या सीटकडे त्यांनी बघितलंच नाही.

पुलाच्या अलीकडे गाडी मेली. दिवे, काटे, सगळं एकदम.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला वेळ लागेल. मागे सासूबाईंचा श्वास घरघरायला लागलेला.

जाऊबाईंनी बॉनेट उघडलं. निगेटिव्ह केबल निघालेली होती. नुसती सैल नाही. नट सोडवून नीट बाजूला ठेवलेली, जशी त्या स्वतः ठेवायच्या...

त्यांनी ती परत लावली. किल्ली फिरवली. 'टक्'सुद्धा नाही.

"आई, थोडा धीर धरा हो," त्या म्हणाल्या. रडू आवरत नव्हतं. "मी काहीतरी करते."

"अगं, तिला आज घेतलंच नाहीस तू," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या.

"कुणाला?"

"ती नाही का, रोज माझ्या शेजारी बसते. ती बघ, मागून चालत येतेय बिचारी. दार उघड तिला."

जाऊबाईंनी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

काय वाटलं असेल त्या बाईला! पण सासूबाईंचे ओठ निळे पडत चालले होते. जाऊबाई उतरल्या. मागचं डावं दार उघडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या.

काहीच झालं नाही...

मग सीट दबली. स्प्रिंग करकरली.

त्यांनी दार लावलं. किल्ली अर्धी फिरते न फिरते तोच इंजिन सुरू झालं.

"अजून उशीर केला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर जाऊबाईंनी एक नेमच केला. गाडी काढण्याआधी डावं दार उघडायचं, थोडं थांबायचं, लावायचं. निगेटिव्ह काढायचं त्यांनी सोडून दिलं. बॅटरी एकदाही उतरली नाही. सासूबाईंची एकही खेप चुकली नाही. ती कोण, हे त्यांनी सासूबाईंना कधी विचारलं नाही. सासूबाईंनीही सांगितलं नाही.

या वर्षी सासूबाई गेल्या. झोपेतच, शांतपणे. जाऊबाईंचं रडणं थांबेना, पोटची लेक रडणार नाही इतक्या रडल्या. आता गाडीची गरज उरली नव्हती. मी म्हटलं, विकून टाका ती पीडा. त्यांनी गाडीची किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी बाजारात निघालो. हातात पिशव्या होत्या, म्हणून मी मागे बसायला उजवं दार उघडलं.

जाऊबाईंनी माझा हात धरला. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मला शांत दिसला.

"तू पुढे बस," त्या हळूच म्हणाल्या. "मागे आता जागा नाही."

मी मुकाट्याने पुढे जाऊन बसले. बाजार येईपर्यंत मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.