हळद नव्हे, सोनटक्का

"ओ, काय करताय तुम्ही?"

विळा हातात घेऊन तो वळला. काखेत हिरव्यागार पानांची मोळी — माझ्या सोनटक्क्याची! अंधेरीच्या कारखान्यात दिवसभर औषधांची खोकी भरून आले होते. पाय सुजलेले, भांडायलाही जीव नव्हता... तरी भांडले.

"हळदीची पानं. उद्या नागपंचमी ना, आत्याला पातोळ्यांना हवीत."

"हळद? सोनटक्का आहे तो! कोकणातलाच ना तू?"

"मुलुंडचा. गावी जातो ते मे महिन्यात. तेव्हा हळद असते कुठे जमिनीवर?"

एरवी हसले असते. पण मागे नुसते खुंट उरले होते. गावचा कंद आणून मी चाळीच्या नळापाशी, सांडपाण्याच्या ओलीवर लावला होता. बाबा गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालायचं. संध्याकाळी पायरीवर बसून त्या फुलांचा वास घ्यायचा, मध प्यायला येणारी मोठाली पाखरं बघायची... दिवसातला तेवढाच वेळ माझा. यंदा तोही गेला.

दुसऱ्या दिवशी तो झाकलेली ताटली घेऊन दारात हजर. लवू — समोरच्या मालनकाकूंचा भाचा, आरे कॉलनीतल्या डेअरीत कामाला.

"आत्याने पानं हुंगली आणि माझा उद्धार केला. या खऱ्या हळदीतल्या. खा ना रत्ना, गार होतील... राग नंतर कर."

खाल्ल्या. सुरेख झाल्या होत्या, काय करणार!

मग तो येतच राहिला. आरेतून बसने शेणखताची पिशवी आणायचा, कंडक्टरच्या शिव्या खात. पावसाने दडी मारली तेव्हा बादल्याही त्यानेच ओतल्या. खुंटांशेजारी नवे कोंब फुटले.

"तू हसतेस कधी गं?"

"रविवारी. ओव्हरटाइम नसला तर."

गणपती गेल्यावर एकदा बादली खाली ठेवून तो म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

"नको रे. थकलेय मी. दोघं भाऊ अजून शिकतायत. त्यात लग्न म्हणजे आणखी एका घरची ड्युटी..."

तो निघून गेला. आता कसला येतोय, असं मी धरूनच चालले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

पण संध्याकाळी आला. बादली ओतली.

"झाडाला कशाला शिक्षा?" एवढंच म्हणाला.

दसऱ्याच्या सुमारास पहिलं फूल उमललं — पांढरंशुभ्र. घराघरांत बातम्या लागल्या होत्या. मी पायरीवर, तो एक पायरी खाली. एक पाखरू आलं, फुलासमोर थरथरत राहिलं आणि उडून गेलं.

"पगार तुझ्या घरीच दे," तो हळूच म्हणाला. "भाऊ शिकू देत. मी थांबतो ना. आणि नंतरही... बादली मीच भरेन."

माझं त्याच्यावर प्रेम होतं. केव्हाचंच. थकव्याखाली दबलं होतं, इतकंच.

"ते फूल तोड," मी म्हणाले. आजवर एकही माळलं नव्हतं, सगळी पाखरांसाठी ठेवायचे.

"नक्की?"

"हो. आणि या वेळी नीट बघून तोड."

तो फूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याच्याकडे पाठ केली, वेणी मागे सोडली. त्याच्या हातांना शेणखताचा वास येत होता. फूल खोचून झालं तरी मी वळले नाही. तशीच मागे रेलून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.