उमटलेला अंगठा

"अहो, तो नंबर माझा नाही हो!" आत्या पुन्हा म्हणाली, पण हवालदार केव्हाच धुलाईघराच्या पायऱ्या उतरून गेला होता.

चिंगी, लंबू आणि ढब्बू सायकली धरून दारातच उभे! सुट्टी नुकतीच लागलेली, तळ्यावर जायचा बेत ठरलेला, आणि आत हे भलतंच. कुणीतरी बँकेचा साहेब असल्याची बतावणी करून एका म्हाताऱ्या वॉचमनला फोन केला होता आणि बायकोच्या ऑपरेशनसाठी साठवलेले त्याचे सगळे पैसे लाटले होते. तो फोन ज्या नंबरावरून गेला, तो निघाला चिंगीच्या आत्याच्या नावावर. उद्या सकाळी तिला पोलीस ठाण्यात हजर व्हायचं होतं, आणि कदाचित तिथेच अडकवून ठेवणार होते.

वॉचमनही हवालदाराबरोबर आला होता. तो ना ओरडला, ना त्याने शिव्या दिल्या. "माझं माणूस जाईल हो बाई," एवढंच म्हणाला. चिंगीला ते फार लागलं.

"आत्या, फोनचं कार्ड कुठून घेतलंस?"

"कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून. अंगठा दिला आणि घेतलं."

"एकदाच दिलास अंगठा?"

"एकदा कुठला! दाबून दाबून दमले. उमटतच नव्हता मेला!"

आत्याने हात पुढे केले. धुलाईघरात वर्षानुवर्षं सोडा आणि गरम पाण्यात हात घालून बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या. बँकेत जा नाहीतर दवाखान्यात, तिला अंगठा पुन्हा पुन्हा द्यावाच लागे. त्यामुळे कुणी 'परत दाबा' म्हटलं की ती मुकाट्याने दाबायची.

"मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय," लंबू म्हणाला.

"तुला काय बाबा, उंचावरून सगळंच दिसतं!" ढब्बूने टोमणा मारला.

पण त्या उंचीचाच उपयोग झाला. फोनची कव्हरं बघायच्या निमित्ताने तिघं मोबाइलवाल्याच्या दुकानात शिरले. ढब्बूने "हे नको, ते दाखवा" करत त्याचं डोकं खाल्लं. तेवढ्यात एक गवंडी आला. सिमेंटने बोटं खरबरीत झालेली. त्याने यंत्रावर अंगठा ठेवला आणि काउंटरपलीकडे डोकावणाऱ्या लंबूला दिसलं, की दिवा हिरवा झाला!

"नाही उमटला मामा. परत दाबा," मोबाइलवाला म्हणाला.

गवंडी ओशाळून हसला. अंगठा शर्टाला पुसून त्याने परत दाबला. परत हिरवा! त्याच्यामागून एक कॉलेजकुमार आला, त्याला मात्र एकदाच दाबायला लावलं.

बाहेर येताच लंबूने सगळं सांगितलं. अंगठे दोन, म्हणजे कार्डंही दोन. गवंड्याच्या हातात तर एकच पडलं होतं!

तिघांनी थेट ठाणं गाठून झिजलेल्या बोटांचं आणि दोनदा हिरव्या झालेल्या दिव्याचं सांगितलं. पण ऐकून घेईल तो हवालदार कसला!

"सुट्टी लागली की अंगात येतं या कार्ट्यांच्या! पळा घरी!"

"काका, तुमच्या घरच्या कुणी त्या दुकानातून कार्ड घेतलंय का?" चिंगीने विचारलं.

"माझ्या आईने. का?" हवालदार म्हणाला, आणि त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "लोकांची भांडी घासून घासून तिची बोटंसुद्धा..."

तो तडक घरी गेला आणि साध्या कपड्यांत, आईला घेऊन दुकानात हजर झाला. मुलं मागोमाग होतीच.

आजींनी अंगठा टेकवला.

"नाही उमटला आजी. परत दाबा."

"खोटं!" टाचा उंचावून डोकावणारी चिंगी ओरडली. "हिरवा लागला! आम्ही पाहिला!"

हवालदाराने ओळखपत्र काढलं आणि खण उघडायला लावला. आत चालू केलेल्या कार्डांचा ढीग होता, सगळी दुसऱ्यांच्या नावांची!

"मी कुणाला लुबाडलं नाही साहेब!" मोबाइलवाला रडकुंडीला आला. "एक माणूस येऊन विकत नेतो. तो पुढे काय करतो, मी कधी विचारलंच नाही!"

"हो ना," हवालदार म्हणाला, "विचारलं असतंस तर विकता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आत्यावरचा आळ पुसला गेला. "शाब्बास पोरांनो! जे आमच्या ध्यानात आलं नाही, ते तुम्ही हेरलंत!" मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. ढब्बू फुशारला, पण चिंगीला हसू येईना. वॉचमन बाकावर बसला होता. कार्डं नेणारा माणूस अजून सापडला नव्हता आणि पैशांचाही पत्ता नव्हता.

"चुकलो बाई," वॉचमन आत्याला म्हणाला. "नको नको ते आलं मनात तुमच्याबद्दल."

"तुमच्या जागी मी असते तर माझ्याही आलं असतं," म्हणत आत्या त्याच्याशेजारी बसली.

वॉचमनने खिशातून फोन काढला. "पोरी, माझंही कार्ड त्याच दुकानातलं. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते कळतं म्हणे. बघतेस?"

चिंगीने सरकारी साइट उघडून दिली. त्याचा नंबर टाकताच फोनवर खात्रीसाठी ओटीपीचा गुप्त आकडा आला, तो वाचून दाखवायला त्याने तोंड उघडलं.

"मला नका सांगू! कुण्णालाच सांगायचा नसतो. तुम्हीच टाका."

त्याने आकडा टाकला. पडद्यावर त्याचा नंबर आला. त्याखाली आणखी एक होता.

"हा माझा नाही," वॉचमन म्हणाला. "यावरून कुणाला गेला असेल गं फोन?"

हवालदाराने नंबर टिपून घेतला आणि टोपी उचलली.

"थांबा साहेब," वॉचमन गुडघ्यावर हात टेकून उठला. "ज्याला हा फोन गेला असेल त्याच्या घरी जाल तेव्हा मीपण येतो. त्याला काय वाटत असेल, ते मला ठाऊक आहे."