सांधलेला आवाज

पडद्यावर दही घातलेल्या काकडीच्या वाटीचं चित्र आलं आणि शाल्मली म्हणाली, "कोबिंशीर."

यंत्रावर लाल ठिपका उमटला.

"पुन्हा म्हणा," वाचोपचार करणारी डॉ. रुबिना मुजावर म्हणाली. "कोशिंबीर."

"कोबिंशीर," शाल्मली म्हणाली आणि स्वतःच गोंधळली.

मागे बसलेल्या केतकीला हसू आवरलं नाही. "डॉक्टर, बरोबर आहे ते. लहानपणी मी तसं म्हणायचे. मग आईही तसंच म्हणायला लागली."

"माझ्या सासूबाई अजून चिडवतात त्यावरून," शाल्मली मागे न बघता म्हणाली.

"मग चूक म्हणून पुसत नाही," रुबिनाने ठिपका हिरवा केला. "उलट हेच हवंय मला."

अण्णांच्या तेराव्यानंतर दोघी पहिल्यांदाच एका खोलीत बसल्या होत्या. शाल्मली अण्णांच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती गेल्यावर अण्णांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा केतकी आपल्या आईचं, शैलजाबाईंचं, बोट धरून मिरजेच्या त्या घरात आली होती. तेराव्याला कुठल्याशा क्षुल्लक कारणावरून जुंपली. "घर माझ्या अण्णांचं आहे," शाल्मली म्हणाली. "आणि आई माझी आहे," केतकीने सुनावलं. शाल्मली जेवणाच्या पानावरून उठून हुबळीला, सासरी निघून गेली.

आता शैलजाबाईंना पक्षाघात झाला होता. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. त्यांच्यावर 'स्वरसांधणी' करायची होती आणि त्यासाठी केतकीचा आवाज पुरेना, म्हणून तिने नाइलाजाने हुबळीला फोन लावला होता.

"नेमकं करता काय तुम्ही?" शाल्मलीने विचारलं.

"मेंदूला फसवतो," रुबिना म्हणाली. "स्वतःच्या आवाजासारखा आवाज ऐकू आला, की बोलण्याच्या केंद्राला वाटतं, आपणच सुरुवात केली. मग ते पुढचे शब्द शोधायला लागतं."

"पण आईचे जुने व्हिडिओ ढीगभर आहेत की."

"व्हिडिओशी गप्पा कशा मारणार? आईंना आजचा प्रश्न विचारणारं माणूस हवं. आणि हे आत्ताच करायला हवं. वापरली नाही तर मेंदू बोलण्याची वाट बुजवून टाकतो."

"मग मी कशाला? सख्खी मुलगी आहे ना बसलेली."

रुबिना शाल्मलीकडे वळली. "तुम्ही सतारींच्या मिरजेच्या, म्हणून असं सांगते. सतारीचा नाद भोपळ्याचा असतो, पण ती बोलते हातामुळे. केतकीताईंचा गळा, टाळू, सगळी पोकळी आईंची आहे. हात मात्र पुण्याच्या मावशीचा. शाळेसाठी तिकडेच वाढल्या ना त्या. तुमचा भोपळा वेगळा, पण कुठे थांबायचं, कुठे हेल काढायचा, तो हात अगदी आईंचा. आमच्या यंत्राने तर तुम्हालाच मुलगी ठरवलंय."



"यंत्राला काय कळतंय?" केतकी हळूच म्हणाली. शाल्मलीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

दोघींचे आवाज यंत्र सांधणार होतं, पण श्वास सांधणं त्याच्या हातात नव्हतं. दोघींनी एकच वाक्य एकाच वेळी बोलायचं होतं. काचेपलीकडे शैलजाबाई कानाला श्रवणपट्टी लावून बसल्या. "आई, चहा घेतेस?" इतकंच वाक्य. केतकी पुढे धावायची, शाल्मली रेंगाळायची, आणि पलीकडे गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज जायचा.

"तुला कायम घाई!"

"आणि तू कायम पाय ओढतेस!"

"भांडताना बरा ताल जुळतो तुमचा," रुबिना म्हणाली.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी शाल्मलीने खुर्ची जवळ ओढली आणि केतकीच्या पाठीवर तळहात ठेवला. केतकी दचकली, पण सरकली नाही. पाठ फुगली, की बोलायचं. शाल्मलीने एवढंच धरून ठेवलं.

"आई, चहा घेतेस?"

या वेळी चरचर झाली नाही. एक तिसराच आवाज निघाला. तो केतकीचा नव्हता, शाल्मलीचाही नव्हता.

शैलजाबाईंनी मान वर केली. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. घशातून एक खरखर आली आणि मग, किती दिवसांनी, आख्खे शब्द आले.

"कुणाची गं तू?"

अनोळखी पोरीला ओटीवरून विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

केतकीने तोंडावर हात दाबला. शाल्मलीचे डोळे भरले. रुबिना मात्र पडद्याकडे बघत घाईने म्हणाली, "उत्तर द्या. केंद्र जागं झालंय, थांबू नका. पण दोघी एकदम, एकच उत्तर."

काचेपलीकडे शैलजाबाई वाट बघत होत्या. केतकीने श्वास घेतला. शाल्मलीच्या तळहाताखाली तिची पाठ फुगली. पण पुढचा शब्द, 'तुझी' की 'अण्णांची', दोघींच्या मनात एकच होता का?