सातापर्यंतचे आकडे

आमच्या ह्यांना विचाराल तर ते सांगतील, ही मला पहिल्यांदा भेटली ती भांडतच. खोटं आहे. मी फक्त म्हटलं होतं, "अहो, तो कर्णा आधी गप्प करा, नाहीतर गणपती उठून जाईल."

एकोणीसशे एक्कावन्न साल. कलकत्त्यातल्या आम्हा मूठभर मराठी माणसांचा गणपती, भाड्याच्या हॉलात. मी एकोणीस वर्षांची, दादाच्या बदलीबरोबर इकडे आलेली, मराठी चौथी पास. आरती म्हणायला उभी राहिले तर कर्णा नुसता किंचाळत होता. टेबलाखालून एक उंच, सावळा माणूस बाहेर आला. दातांत स्क्रू धरलेला.

"मायकात जरा एक ते दहा म्हणा," तो म्हणाला. "आवाज बघायचाय."

"म्हणते. चौथीत तेवढे शिकवतात."

एक, दोन, तीन… सातावर आले आणि आवाज असा खणखणीत लागला की सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड मिटलं.

"अजून तीन राहिले," तो हळूच म्हणाला.

"राहू देत. तुमचं काम झालं ना?"

तो हसला. ओठ हलत नाहीत, नुसते डोळे हसतात. ही खोड अजून आहे.

नाव श्यामकांत बेहेरे. डमडमला एका विमान कंपनीत विमानांतले वायरलेस दुरुस्त करायचे. मग दर रविवारी भवानीपूरला आमच्या घरी यायला लागले. निमित्त दादाच्या रेडिओचं. रेडिओला काडीचं काही झालं नव्हतं, तरी तो दोन महिने दुरुस्त होत होता. वहिनी थालीपिठं लावायची, मी लोण्याचा गोळा वाढायची, आणि हे रेडिओच्या पोटात डोकं घालून बसायचे. माझी पाठ वळली की डोकं बाहेर.

एका रविवारी त्यांनी काटा दोन स्टेशनांच्या मधे आणला आणि काचेवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली.

"दुपारी तीनला काटा इथे आणा. मी विमानात बसून आकडे म्हणतो, आमच्या वायरलेसच्या खोलीतून उत्तर येतं. आवाज स्वच्छ पोचला तर पाच. कसाबसा पोचला तर दोन, एक."

"आणि खोलीत कोण असतं?"

"सुनीती सेन."

"बाई?"

"हो… फार स्वच्छ आवाज आहे तिचा."

"गोड?"

"स्वच्छ म्हणालो मी."

"गोड नाही, असंही नाही म्हणालात."

त्यांनी थालीपिठाचा मोठा घास घेतला. पुरुषांना उत्तर नसलं की भूक लागते.

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजले की मी रेडिओपाशी. ह्यांचा आवाज यायचा तो डब्यात अडकलेल्या माशीसारखा. सुनीतीचा मात्र असा, की बाई उंबऱ्यावर उभी राहून बोलतेय. ती इंग्रजीत पाच म्हणायची, तेही कसं, तर विडा करून हातावर ठेवावा तसं. मी वहिनीला विचारलं, "पाच म्हणायला एवढा वेळ लागतो का?" वहिनी म्हणाली, "तुला ऐकायला लागतोय." वहिनी गरीब दिसायची, पण नव्हती.

कार्तिकात नाशिकचं स्थळ सांगून आलं. मुलगा वकील. दादा म्हणाला, शनिवारी उत्तर जायलाच हवं. त्या रविवारी बेहेरे आले तेव्हा वहिनीने मुद्दाम त्यांच्या कानावर घातलं. त्यांचा हात रेडिओच्या बटणावर तसाच राहिला. जाताना दारात चपला घालायला केवढा तरी वेळ लावला.

"या आठवड्यात… काटा नीट लावून ठेवाल?"

"का?"

"समोर मला बोलता येत नाही. तिथे बोलेन. म्हणजे, तिथे आकड्यांपलीकडे शब्द काढला तर नोकरी जाते. पण आकडे तर…"

एवढं बोलून जिना उतरले. ट्रामची घंटा वाजली आणि मी दारातच उभी.

सोमवारी काटा रेघेवर. सुनीतीचं पाच आलं, ह्यांची नुसती खरखर. मंगळवारी खरखर. बुधवारी माशी गुणगुणली, पण काय म्हणाली ते कळेना. मी कान काचेला लावला, तर कान भाजला.

गुरुवारी तीन वाजता लख्ख आवाज आला. सुनीतीचा. मराठीत.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात."

चार म्हणताना "चा" जरा बंगाली वळणावर गेला, बाकी सगळं शुद्ध. आणि मग गप्प.

मला सांगा, काय समजायचं मी? आमचे आकडे हिला कोणी शिकवले? शेजारी बसून, एकेक करून, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असंच ना? आणि सातापुढचे शिकवायला सवड झाली नाही, कारण तोवर दोघं हसायला लागली असतील. मी बटण असं पिळलं की ते हातात आलं.

संध्याकाळी दादाला म्हटलं, "नाशिकला होकार कळव."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग पत्र लिहिलं. शुक्रवारी पाकीट माझ्याच हाती दिलं, पेटीत टाकायला. मी पेटीपर्यंत गेले आणि पेटीवरून पुढे गेले. मनात आलं, जिच्यापायी मी नाशिकला जातेय तिचं तोंड तरी बघून जावं. वहिनीला हाक मारली. ती तयारच होती, पदरसुद्धा खोचलेला.

डमडमला बसने पोचेपर्यंत पावणेतीन झाले. दारावरच्या शिपायाला वहिनीने "बेहेरेसाहेबांच्या घरची माणसं" सांगितलं. मी चिमटा काढला तरी तिने शब्द मागे घेतला नाही. शिपायाने थेट वायरलेसच्या खोलीत नेलं.

सुनीती सेन. किडकिडीत, चष्मा, कानांवरच्या हेडफोनच्या पट्ट्याने केसांत पडलेली खोबण. सुंदर नव्हती. मला बरं वाटलं. मग ती हसली आणि बरं वाटणं गेलं.

मी हिंदीत म्हटलं, "दीदी, तुम्हाला आमचे आकडे छान येतात. गुरू चांगला मिळाला."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आपण भवानीपूरच्या?"

"हो."

"मग ऐकू आलं तर." तिने सुस्कारा सोडला. "तीन दिवस तो विमानात बसून तुमच्यासाठी घसा फोडत होता. विमानातला सेट लहान, भवानीपूरपर्यंत पोचतो कुठे? मीच म्हटलं, मला शिकव, माझं यंत्र मोठं आहे. दोन दिवस घोकले मी ते शब्द."

"मग सातच का शिकवले?"

"तो म्हणाला, सातच पाठवायचे. का विचारलं तर लाल झाला. म्हणाला, तिला कळेल. गणपतीत तीसुद्धा सातावरच थांबली होती, आणि आमच्या लग्नात पावलंही सातच चालतात."

लग्नातली पावलं मला ठाऊक नव्हती थोडीच. पण मत्सराच्या धुरात माणसाला स्वतःची चूलसुद्धा दिसत नाही.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. दोन दिवस घोकले, म्हणाली. दुसऱ्याचा निरोप कोणी उगाच दोन दिवस घोकत नाही. तिने नजर घड्याळाकडे वळवली, आणि मी विचारलं नाही.

तीन वाजले. खोलीतल्या यंत्रातून ह्यांचा आवाज आला. इथे माशी नव्हती, माणूस होता, आणि घसा बसलेला. एक. दोन. सातावर आवाज अडखळला… आणि थांबला.

"तुम्हाला इथे बोलता येणार नाही," सुनीती पटकन म्हणाली. "परवाना लागतो."

"तुमच्याकडे आहे ना? मग शिका. आठ."

"आठ."

"नऊ. दहा."

तिने ओठांतल्या ओठांत तीनदा म्हटलं. मग बटण दाबलं आणि त्या लख्ख, स्वच्छ, मेल्या गोड आवाजात म्हणाली, "आठ. नऊ. दहा."

वहिनीने माझं मनगट धरलं. मग पलीकडून, नियमाप्रमाणे, मराठीत, एकच शब्द आला.

"पाच."

पिशवीतलं पाकीट मी तिथेच फाडलं. सुनीतीने केराची टोपली पायाने पुढे सरकवली.

लग्नाला ती आली, ढाकाई साडी नेसून, आणि सातव्या पावलाच्या आधीच उठून गेली. ड्यूटी होती म्हणाली. मी पानसुपारी तिच्या घरी पाठवली.

चाळीस वर्षं झाली. संसारात मला कशाची उणीव नाही, आणि असती तरी तुम्हाला सांगितली नसती. पण एक गोष्ट सलते ती सलते. माझा होकार ह्यांनी ऐकला तो तिच्या आवाजात. कधी विचारलं, "आठ, नऊ, दहा आठवलं की कानात कोणाचा आवाज येतो?" तर म्हणतात, "तुझाच. दुसरा कोणाचा?"

आणि तेवढ्यापुरते डोळ्यांनी नाही, ओठ हलवून हसतात.